जुन्या पुणे रस्त्याचे फलक: प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

आज कामाची हद्द ठरली. खोपोली ते वडगाव मावळ या टप्प्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला पाच ठिकाणी दगडी माहितीफलक उभे करायचे. खोपोलीचा तलाव, बोरघाटातलं शिंग्रोबाचं देऊळ, खंडाळ्यात जिथे अमृतांजन पूल होता ती जागा, कार्ल्याचा फाटा आणि वडगाव. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर लांबची बरीचशी वाहतूक तिकडे गेली. जुन्या रस्त्यावरून अजून एसट्या जातात, दूधवाले जातात, एकवीरेचे भाविक जातात. हा रस्ता थांबायला जागा देतो, आणि फलक वाचायचा तर माणूस आधी थांबला पाहिजे.

मंडळी ठरली आहेत. तळेगावचे निवृत्त इतिहासशिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. एसटीत हयात घालवलेले अण्णा. वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी. आणि मजकूर लिहायला मी. पैसे वर्गणीचे.

सरांनी पहिल्याच बैठकीत अट घातली: कागदात काय आहे तेही लिहायचं आणि लोक काय सांगतात तेही, पण दोन्हींची सरमिसळ होऊ द्यायची नाही. मला ही अट मनापासून पटली आहे. आपल्याकडच्या फलकांवर एक तर नुसत्या सनावळ्या असतात किंवा नुसता जयघोष. गावाला जे आठवतं ते त्यात कुठेच नसतं.

२९ सप्टेंबर

वडगाव. महामार्गालगत महादजी शिंद्यांचं स्मारक आहे, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. पण १७७९ च्या जानेवारीत इथे नक्की काय झालं हे थांबलेल्या माणसाला उभ्या उभ्या कळत नाही. मुंबईकर इंग्रज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघाले होते. पनवेलला उतरून बोरघाट चढले. लढणारी फौज जेमतेम ३,९००, आणि सामानसुमान ओढायला १९,००० हून जास्त बैल! सरांनी हा आकडा वाचून दाखवला तेव्हा अण्णा म्हणाले, "घाटात एक कंटेनर आडवा झाला तरी दिवस जातो, हे तर एवढे बैल." खरंच तसंच झालं. घाट चढून आल्यावर त्या फौजेची चाल दिवसाला दोन मैलही पडत नव्हती. वर मराठ्यांचे स्वार अंगावर येत, रसद तोडत, पुन्हा मागे सरत. भिवराव पानशांचा तोफखाना मारा करत होता.

९ जानेवारीला ते तळेगावला पोचले, तर गाव जाळून रिकामं केलेलं. चिंचवड आणि खुद्द पुणंही जाळायची मराठ्यांची तयारी होती. दाणावैरण नाही म्हणून ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि मागे फिरले. पिछाडी सांभाळायला कॅप्टन हार्टले होता. वडगावला पूर्ण वेढले गेले आणि तह करावा लागला. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत द्यायचा, राघोबादादांना महादजींच्या स्वाधीन करायचं. पुढे कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने हा तह मानला नाही, लढाई चालूच राहिली आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. पण वडगावात कंपनीच्या फौजेने हत्यार खाली ठेवलं, हे फलकावर स्पष्ट अक्षरांत यायलाच हवं.

मग आम्ही सरकारी कचेरीच्या आवारातल्या इष्टूर फाकड्याच्या समाधीपाशी गेलो. हा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्यात तोफेचा गोळा लागून पडला. ज्यांच्याशी तो लढला त्याच लोकांनी त्याच्या शौर्याची आठवण ठेवली, त्याचं नाव आपल्या जिभेवर बसेल असं करून घेतलं आणि पेशवाईच्या साडेतीन फाकड्यांत, म्हणजे नावाजलेल्या शूर गड्यांत, त्याला अर्धी जागा दिली. मानाजी शिंदे आणि कोन्हेरराव एकबोट्यांच्या पंगतीत! आवारात कामासाठी आलेल्या एका बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तो साहेब ना, लढाईतला? त्याला नारळ फोडतात कोणकोण." एवढं सांगून त्या दाखल्याच्या रांगेत गेल्या. माझ्या मते या फलकाचा निम्मा मजकूर त्यांनीच दिला.

१३ ऑक्टोबर

वडगावचा मसुदा सरांनी तपासला. एक जागा त्यांनी लाल शाईने घेरली: तहानंतर मराठ्यांकडे जे दोन ओलीस ठेवले गेले त्यात फार्मर नावाचा इंग्रज होता आणि लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट होता. हा स्टुअर्ट वेगळा. फाकडा तोवर कार्ल्यात पडून आठवडा उलटून गेला होता. दोघांचा घोळ होऊ नये म्हणून ओलिसांची नावं फलकावर घ्यायचीच नाहीत असं मी सुचवलं. सर म्हणाले, घ्या, आणि दोघे दोन आहेत हेही लिहा, कारण पुढे कुणीतरी वाचून आलेला तिथे उभा राहून वाद घालणार. घेतलं.

मजकूर नव्वद शब्दांच्या आत बसवायचा आहे. बैलांचा आकडा ठेवला आणि एक सेनापती गाळला. मला वाटतं हे बरोबर आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घाट उभा राहतो तो त्या बैलांमुळे.

२७ ऑक्टोबर

खोपोली. नाना फडणविसांनी बांधवलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ. घाट चढण्याआधीचा हा मुक्काम होता, इथे पाणी मिळायचं. मजकूर एका बैठकीत झाला, कुणाचा वाद नाही. जागा देवळाच्या वाटेवर, सावलीत.

१० नोव्हेंबर

मुद्दाम आजचा दिवस धरून खंडाळ्याला गेलो. १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटातला गाडीरस्ता वाहतुकीला खुला झाला. त्याआधी १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने तोफा नेण्याजोगी वाट करून घेतली होती, पण चाकाची गाडी सुखाने वर येईल असा रस्ता झाला तो गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत. तोवर माणसं पालखीतून नाहीतर पायी, आणि माल बैलाच्या पाठीवर.

त्याच काळातला पूल पुढे एका बामच्या जाहिरातीमुळे अमृतांजन पूल झाला आणि ५ एप्रिल २०२० ला स्फोट घडवून पाडला गेला. टाळेबंदीत, रस्ता रिकामा असताना. त्याचे खांब द्रुतगती मार्गाच्या वाटेत येत होते, हे खरं. तरी अजून क्रेनवाला पत्ता विचारतो तेव्हा ड्रायव्हर "अमृतांजन पुलापाशी" म्हणून सांगतात. नसलेल्या पुलाचा फलक लावावा का, यावर चर्चा झाली. माझं मत ठाम आहे: लावावा, आणि पाडल्याची तारीखही लिहावी. जे उभं आहे ते स्वतःच दिसतं. जे गेलं त्यालाच फलकाची जास्त गरज.

जागा मात्र अवघड. दरीकडच्या बाजूला थांबणं धोक्याचं आहे. अण्णांनी तीन वळणं सोडून एक रुंद जागा दाखवली, जिथे पूर्वी एसटी बंद पडली की बाजूला घ्यायचे.

१ डिसेंबर

शिंग्रोबा. घाटात देवळाशी गाड्या थांबत होत्या, कुणी नारळ देत होतं, कुणी काच खाली करून नाणं टाकून पुढे जात होतं. देवळाशी गोष्ट लिहिलेली आहे. इंग्रजांना घाटातून रेल्वे वर न्यायची होती, वाट सापडेना. गुरं-मेंढरं चारणाऱ्या शिंग्रोबा धनगराने ती दाखवली. साहेब खूश होऊन बक्षीस विचारता झाला. शिंग्रोबाने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली.

घाटाखालच्या वाडीतले एक वृद्ध धनगर बाबा आमच्यासाठी वर आले होते. सर त्यांच्याशी फार अदबीने बोलले. मसुद्यात मी "अशी दंतकथा आहे" असं लिहिलं होतं. बाबांनी ते वाचून घेतलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, माझ्या आज्यानं मला सांगितलं. त्याच्या आज्यानं त्याला. तुमच्या कागदात आमचं कुणी बसलंच नव्हतं तर लिहिणार कोण?"

सर गाडीत बसेपर्यंत गप्प होते. मग त्यांनीच तोड काढली: सांगणारा कोण आहे ते वाक्यातच लिहायचं. गोष्टीवर शिक्का मारायचा नाही, खरी म्हणून नाही आणि खोटी म्हणूनही नाही. परतताना गाडीत मजकूर झाला तो असा:

"हे शिंग्रोबाचं ठाणं. बोरघाटातून रेल्वे वर नेण्याची वाट इंग्रज साहेबांना शिंग्रोबा धनगराने दाखवली, बक्षीस म्हणून त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली, असं घाटाखालचे आणि मावळातले धनगर पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. घाटातून जाणारे चालक इथे थांबून पुढे जातात. या घाटातला लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला."

शेवटचं वाक्य सरांचं. कागद आणि आठवण एकाच दगडावर, शेजारी शेजारी. फोनवर बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी "मावळातले"च्या आधी "घाटाखालचे" असंच राहू द्या म्हणून बजावलं. तसंच ठेवलं आहे.

२२ डिसेंबर

शिंग्रोबाच्या त्या शेवटच्या वाक्याने मला सोडलेलं नाही. १८५६ ते १८६३. बांधला गेला. कुणी बांधला?

कागदात नावं भरपूर आहेत. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या पैशांवरून घाटात दंगल झाली, आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि येऊन महिना होतो न होतो तोच आजारपणात गेला. मग त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे नेलं आणि काम तडीला गेलं. एक विधवा बाई, परका देश आणि हिंदुस्थानातला तेव्हाचा सगळ्यात अवघड घाट! तिचं नाव फलकावर घ्यायचं हे नक्की.

आणि मजूर? १८६१ च्या जानेवारीत या घाटावर ४२,००० माणसं कामाला होती. पंचवीस बोगदे. सुरुंगाची भोकं हातोडा-पहारीने पाडायची, कड्यावरून दोर सोडून त्याला लोंबकळत. पावसाळ्यात काम थांबायचं, माणसं पांगायची, दसऱ्यानंतर पुन्हा जमायची. पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, छावण्याच्या छावण्या उठल्या. एवढ्या माणसांपैकी रस्त्याने जाणाऱ्याला एकही नाव माहीत नाही.

त्या बिनकागदाच्या गर्दीतून लोकांनी एक माणूस उचलला, त्याला नाव दिलं, देऊळ बांधलं आणि रोज त्याच्यापुढे गाडी थांबवली, असं मला आता वाटायला लागलं आहे. सरांना सांगितलं. ते म्हणाले, हे तुमचं मत आहे, वहीत लिहा, दगडावर नको. म्हणून वहीत लिहिलं.

४ जानेवारी २०२५

कार्ला. स्टुअर्ट पडला तो दिवस धरून आलो, पण वेळ सगळा लेण्यात गेला. एकवीरेच्या दर्शनाची रांग डावीकडून वर जात होती, कोळीवाड्यांतून आलेल्या पालख्या, गुलाल, बँजो. आम्ही चैत्यगृहाच्या दाराशी बॅटरी घेऊन अक्षरं शोधत बसलो.

व्हरांड्यातला लेख प्रसिद्ध आहे: वैजयंती नगराचा श्रेष्ठी, म्हणजे मोठा व्यापारी, भूतपाल, त्याने जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह पुरं केलं. बाहेरचा सिंहस्तंभ गोतीपुत्र महारठी अग्निमित्रणकाचं दान. हे झाले मोठे लोक. पण दाराच्या कामापाशी धेनुकाकट या गावचा सुतार आहे, सामी नावाचा, वेणुवासाचा मुलगा. त्याने दार केलं आणि आपलं नाव बापाच्या नावासकट कोरून घेतलं. तिथेच गंधिक सिंहदत्त, म्हणजे अत्तरं विकणारा. आत कित्येक खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची, म्हणजे त्या काळच्या ग्रीक म्हणवणाऱ्यांची, नावं.

दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात एका सुताराला आपल्या कामाखाली नाव लिहिता आलं. तिथून काही कोसांवर, आणि आपल्या अगदी जवळच्या काळात, ४२,००० माणसांनी डोंगर फोडला आणि कुणाचंही नाव कुठे कोरलं गेलं नाही. वास्तुकलेच्या मुलीने सामीच्या अक्षरांचं रेखाटन केलं. ब्राह्मीतलं ते नाव कार्ला फाट्याच्या फलकावर जसंच्या तसं कोरायचं आणि खाली देवनागरीत वाचन द्यायचं, ही तिची सूचना. सगळ्यांना आवडली. एकवीरेला येणारी बरीचशी मंडळी हाताने काम करणारी आहेत. सुताराचं नाव त्यांनी वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

१९ जानेवारी

परवानग्या. रस्त्याच्या हद्दीत दगड उभा करायचा तर एका खात्याची ना-हरकत लागते, आणि हद्द कुठे संपते हे सांगायला दुसरं खातं. एका कार्यालयात आमचा अर्ज दोनदा नव्याने द्यावा लागला. शेवटी वडगाव, कार्ला आणि खोपोलीला हद्दीच्या बाहेरची जागा मिळाली, तिथले ठराव झाले. शिंग्रोबाला देवळाच्या जागेतच लावायचं. खंडाळा लोंबकळत आहे.

९ फेब्रुवारी

दगड. छापील पत्र्याचा विचार आम्ही सुरुवातीलाच सोडला होता, कारण लोणावळ्याच्या पावसात तो दोन-तीन वर्षांत गंजून नाहीतर पांढरा पडून जातो. आणलेला गुळगुळीत ग्रॅनाइट दिसायला झकास, पण उन्हात त्यावर आकाश चमकतं आणि अक्षर वाचता येत नाही. म्हणून इथलाच काळा दगड.

पाथरवट दादांच्या पालावर सकाळ गेली. त्यांनी प्रत्येक दगडावर हातोडीने टकटक करून नाद ऐकला. खणखणीत वाजला तो ठेवला, बद्द वाजला तो बाजूला. काही शिळांवर बारीक भोकं होती, त्यांत पाणी मुरतं आणि शेवाळ धरतं, म्हणून त्याही नाकारल्या. अक्षराची उंची आम्ही वीस मिलिमीटर धरली होती. दादांनी आधी एका तुकड्यावर "इष्टूर" कोरून दाखवलं. ष आणि ट मधली दगडाची बारीक भिंत टाकी लागताच उडाली. "जोडाक्षराला जागा द्या, नाहीतर शब्द बदला," म्हणाले. शब्द बदलायचा प्रश्नच नव्हता. अक्षर पंचवीसचं केलं आणि वडगावच्या मजकुरातून आणखी अकरा शब्द गेले.

रंग भरायचा नाही हेही त्यांचंच सांगणं. खोल टाकीचं अक्षर तिरप्या उन्हात आपोआप सावली धरतं. रंग पहिल्या दोन पावसांत निघतो आणि मग दगड कायमचा डागाळलेला दिसतो. फलकाचं तोंड म्हणून पूर्वेला नाहीतर पश्चिमेला ठेवायचं, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी तरी नीट वाचता येईल. कार्ला फाट्याचा आराखडा त्याप्रमाणे फिरवला.

२ मार्च

वडगावचा फलक उभा राहिला. पाया तीन फूट, वर उतार दिलेला, पाणी साचणार नाही. कुणाला उद्घाटनाला बोलावलं नाही. दगड उतरवला तेव्हा आजूबाजूच्या दुकानांतले लोक जमले आणि मोठ्याने वाचायला लागले. बैलांच्या आकड्याशी प्रत्येक जण थांबला. एकाने विचारलं, "बैल कुणाचे होते? त्यांना भाडं मिळालं का?" सरांनी तो प्रश्न लिहून घेतला.

१६ मार्च

शिंग्रोबाचा दगड बसला. धनगर बाबा आणि वाडीतली वीसेक माणसं आली होती. बाबांनी अक्षरांवरून हात फिरवला, भंडारा वाहिला आणि नातवाला वाचायला लावलं. "घाटाखालचे" आलं तेव्हा त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली.

६ एप्रिल

खंडाळ्याला जागा मिळाली, अण्णांनी दाखवलेलीच. दगड बराच रुंद आहे, म्हणून मजकुराचे दोन भाग केले. डावीकडे रस्ता आणि पूल: १८०४, १८३०, २०२०. उजवीकडे लोहमार्ग. बर्कली आणि ॲलिस ट्रेडवेल यांची नावं त्यात आहेत. मजुरांचं वाक्य कसं लिहायचं यावर दोन बैठका झाल्या. वास्तुकलेच्या मुलीला तिथे रिकामी जागा सोडायची होती, निनावी माणसांसाठी. अण्णांना ते पटलं नाही. म्हणाले, रिकाम्या जागेवर लोक पिचकारी मारतील नाहीतर बदाम काढतील, आणि त्या माणसांनी केलं काय ते कळणारच नाही. मी अण्णांच्या बाजूने. शेवटी ठरलं ते हे:

"जानेवारी १८६१ मध्ये या घाटात ४२,००० मजूर कामाला होते. समोर दिसणारा डोंगर त्यांनी हातोडा, पहार आणि सुरुंगाने फोडला. पटकीने आणि अपघातांनी त्यातले अनेक जण इथेच गेले. त्यांची नावं या रस्त्यावर कुठेही लिहिलेली नाहीत."

सरांनी "अनेक"च्या जागी आकडा असावा असा आग्रह धरला नाही, पण ४२,००० च्या पुढे महिना आणि साल राहिलंच पाहिजे म्हणाले. राहिलं आहे. मजकूर काल दादांकडे दिला. जोडाक्षरं त्यांनी पाहून घेतली, "त्यातले" आणि "त्यांची" या दोन ठिकाणी जागा वाढवून मागितली. मे महिन्यात दगड उभा करायचा, म्हणजे पावसाआधी पाया पक्का होईल. कार्ल्याचा त्यानंतर लगेच. सामीच्या ब्राह्मी अक्षरांचा कागदी साचा तयार आहे, तो पुढच्या रविवारी पालावर पोचवायचा.